साहेबांचं ताट

साप चावला तर आधी काय करायचं, लस कुठल्या दवाखान्यात आहे, हे कुडाळकडच्या गावांना नर्स प्रभावती गावकरांच्या पेजवर कळायचं. सोशल मीडिया कंपनीने ते पेज उडवलं. कारण विचारलं तर उत्तर एकच, "नियमभंग."

पुढे त्याच कंपनीचे बडे साहेब गावच्या जत्रेत आले आणि समाज जोडण्यावर भाषण ठोकून महाप्रसादाच्या पंगतीत बसले. त्यांनी पहिला घास उचलला, तोच वाढणाऱ्या प्रभावतीबाईंनी समोरचं ताट काढून घेतलं.

"हे काय?" साहेब तडकले.

"तुम्ही नियम मोडलात."

"कोणता?"

"ते आम्ही सांगत नाही."

"जेवत्या माणसाला उठवता? कुणाकडे दाद मागायची?"

"आमच्याकडेच. आमचंच बरोबर होतं, असं आम्ही कळवू."

साहेबांचा घास हातातच राहिला.

"घाबरू नका," बाई म्हणाल्या. "एक वेळ उपाशी राहून कुणी मरत नाही. साप चावलेल्याला मात्र तेवढी सवड नसते."