मोरपंखी कपाट

"...पण मग धूळ येते कुठून, वस्ताद?"

कणबरकर सरांनी हा प्रश्न त्या आठवड्यात चौथ्यांदा विचारला होता.

दस्तगीर वस्ताद एका जुन्या जीपच्या दारावर तळहात फिरवत होते. डोळे मिटलेले. ठोकून सरळ केलेल्या पत्र्यावर खोलगट कुठं राहिलंय, हे त्यांच्या हाताला कळायचं. त्यात डोळ्यांची लुडबूड त्यांना नको असायची.



कणबरकर सर कराडच्या कॉलेजात तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. निवृत्त माणसं सकाळी फिरायला जातात, भजनी मंडळात जातात, नाहीतर सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडतात. सरांना यातलं काहीच मानवेना. एक दिवस स्कूटर रंगवून घ्यायला म्हणून ते मार्केट यार्डामागच्या या गॅरेजात आले. वस्तादांच्या स्प्रे गनमधून रंगाचं धुकं निघालं आणि पत्र्यावर आरशासारखं बसलं, ते त्यांनी पाहिलं. झालं, माणूस कामातून गेला. त्याच दिवशी ते वस्तादांचे शिष्य झाले, आणि वस्ताद नको नको म्हणत त्यांचे गुरू.

दीड वर्षात सरांनी घरातलं काय काय रंगवलं ते विचारू नका. फ्रीज लालभडक केला. पाण्याचं पिंप सोनेरी. टेबलफॅन, रॉकेलचा जुना स्टोव्ह, सासऱ्यांची लोखंडी ट्रंक, सगळं मोटारीच्या रंगात, आणि वरून मोटारीलाच मारतात ते पारदर्शक, चकचकीत क्लिअर. पिठाचा डबाही सुटला नसता. पण सरांच्या पत्नी हेमलताबाई तो पोटाशी धरून स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या, म्हणून वाचला.

आता पाळी आली होती कपाटाची.

ते बाईंना लग्नात माहेरून मिळालेलं लोखंडी कपाट. उंच, दोन दारांचं, बिनआरशाचं. सरांनी चार दिवसांत देतो असं सांगून ते रिकामं करवलं, मागच्या खोलीत नेलं आणि मोरपंखी रंगवायला घेतलं. त्याला एकेचाळीस दिवस झाले होते.

रंग उत्तम यायचा, खोटं कशाला बोला. पण दुसऱ्या दिवशी सर दिवा तिरपा धरून बघायला लागले की कुठंतरी एक कण सापडायचाच. क्लिअरच्या पोटात अडकलेला, मोहरीएवढासुद्धा नाही. मग सर अख्खं कपाट घासून काढायचे आणि पहिल्यापासून सुरू करायचे. असं चार वेळा झालं होतं.

वस्तादांनी एकदा सांगितलं होतं, की एवढ्यासाठी जिवाला त्रास कशाला, घासायचा बारीक कागद ओला करून तेवढ्या जागी फिरवावा, पॉलिश मारावं, कण जातो. चाळीस वर्षं ते हेच करत आले होते.

सरांना ते मुळीच पटलं नव्हतं. त्यांच्या मते ती लबाडी झाली. काम गनमधून निघतानाच निर्दोष निघायला पाहिजे. वस्तादांकडे नुसती सवय आहे, आपल्याकडे विज्ञान आहे. हे ते तोंडाने कधी बोलले नव्हते, पण तोंडावर दिसत होतं.

आणि गंमत बघा, त्याच वस्तादांनी एकदा, फक्त एकदा 'चांगलं झालंय' म्हणावं म्हणून त्यांचा जीव तुटत होता. दीड वर्षात एक शब्द मिळाला नव्हता. लाल फ्रीजचे फोटो दाखवले तेव्हा वस्तादांनी ते नीट बघितले, आणि पाणी गार होतंय ना, एवढंच विचारलं होतं.

"मी काय काय बंद केलंय ते तरी ऐका," सर म्हणाले, आणि बोटं मोजायला लागले.

खिडक्या प्लॅस्टिक लावून बंद. मे महिना असून पंखे बंद. केरसुणी बंद, उदबत्ती बंद. तेलाची वाफ पत्र्यावर बसली तर तिथं रंग धरत नाही, बारीक बारीक भोकं पडतात, म्हणून घरात फोडणी बंद. तीन आठवडे साधं वरण आणि भात. बाईंनी डोक्याला तेल लावणंसुद्धा बंद.

जीपच्या दारावरचा हात थांबला.

"फोडणी बंद?"

"बंद."

"...मग वहिनी काय म्हणतात?"

सरांचा आवाज खाली आला. वहिनींनी कालच सांगून टाकलं होतं. सत्तावीस साड्या सोफ्यावर पडल्या आहेत, घरात आल्यागेल्याला टेकायला जागा नाही. रविवारी दुपारी चारच्या गाडीनं त्या साताऱ्याला भावाकडे निघाल्या होत्या. साड्या बरोबर नेणार होत्या. तिथं कपाट आहे, आणि आमटीला फोडणी आहे. परत कधी येणार असं सरांनी विचारलं, तर म्हणाल्या, तुमची धूळ संपली की कळवा.

बाई हे हसत बोलल्या असत्या तर सरांनी मनावर घेतलं नसतं. त्या हसल्या नव्हत्या. पस्तीस वर्षांच्या संसारात त्या अशा कधी निघाल्या नव्हत्या.

"म्हणून विचारतोय, वस्ताद. आता हा शेवटचा हात. यात कण आला तर माझं काही खरं नाही."

वस्तादांनी डोळे उघडले.

"रंग मारताना खोलीत कोण कोण असतं?"

"कुणीही नसतं. मी एकटाच."



वस्तादांनी त्यांच्याकडे एकदा नीट बघितलं. मग पुन्हा डोळे मिटून जीपच्या दाराकडे वळले.

सर स्कूटर घेऊन निघाले, आणि नाक्यापर्यंत पोचल्यावर त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. माणूस हुशार, त्यात वादच नाही. धूळ आपल्याच अंगावरून पडते. कपड्यांतून पडते, केसांतून पडते. इतकं सोपं होतं. त्यांनी स्कूटर तशीच सलूनकडे वळवली आणि डोक्याचा चकोट करून घेतला. मिशीही उतरवली. कॉलेजातली पोरं ज्या मिशीला तीस वर्षं टरकून होती ती मिशी पाच मिनिटांत फरशीवर पडली. भुवयांचंही त्यांनी विचारून बघितलं. न्हावी म्हणाला, सर, आता घरी जा.

हेमलताबाईंनी दार उघडलं, समोर बघितलं, आणि त्यांच्या हातातलं फुलपात्र खाली पडलं.

"अगं बाई... कोण गेलं?"

कुणीही गेलेलं नाही, असं सरांनी त्यांना समजावलं. धुळीचा सगळा हिशोब लागलाय, तो उद्या दिसेलच. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग स्टूल घेतलं, त्यावर चढल्या आणि माळ्यावरची मोठी बॅग खाली काढली.

शनिवारी पाचवा हात झाला. सरांनी तोंडाला मास्क लावला, अंगात प्लॅस्टिकचा रेनकोट चढवला, डोकं ओल्या पंच्यानं तीनदा पुसलं, श्वासही बेताबेतानं घेतला. मोरपंखी रंग पत्र्यावर असा बसला, की रेनकोटाच्या आत घामाघूम झालेल्या सरांना भरून आलं.

रविवारी दुपारी रंग वाळल्याची खात्री झाल्यावर त्यांनी दिवा तिरपा धरला.

उजवं दार स्वच्छ. दोन्ही बाजू स्वच्छ. वरचा पत्रा स्वच्छ.

डाव्या दारावर, बरोबर छातीच्या उंचीला... एक कण.

सर तिथंच मटकन खाली बसले. तुळतुळीत डोकं दोन्ही हातांत धरून बसले. मग एकदम उठले, वस्तादांच्या घरी गेले आणि त्यांना स्कूटरच्या मागे बसवून घेऊन आले. दीड वर्षात वस्ताद पहिल्यांदा त्यांच्या घरी येत होते. वाटेत त्यांनी एकदाच विचारलं, मिशी कुठं गेली. सरांनी ऐकू न आल्यासारखं केलं.

उंबऱ्याशीच बाईंची बॅग भरून तयार होती. सोफ्यावर साड्या, दोन्ही खुर्च्यांवर साड्या, टीव्हीच्या डोक्यावर ब्लाउजांची चळत. वस्तादांनी चपला काढल्या आणि बसायला जागा शोधत उभे राहिले. बाई ओशाळल्या. एक खुर्ची मोकळी करायची म्हणून त्यांनी तिच्यावरच्या साड्या उचलल्या. पण उचललेल्या साड्या ठेवायच्या कुठं हा प्रश्न पडला, म्हणून त्या छातीशी धरून तशाच उभ्या राहिल्या.

"राहू द्या, वहिनी," वस्ताद म्हणाले, आणि सरांच्या मागे आतल्या खोलीत गेले.

कपाटासमोर ते जरा थांबले. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. गुडघ्यावर हात ठेवून खालची कड बघितली, जिथं सगळे नवशिके चुकतात. मग डोळे मिटले आणि तळहात दारावरून सावकाश वरपासून खालपर्यंत नेला.

"...चांगलं झालंय," ते म्हणाले.

"इथं बघा, इथं," सर दिवा पुढे सरकवत म्हणाले. "तिथं नाही, जरा अलीकडे. हां. दिसला? आता याला काय म्हणायचं?"



दारात उभ्या असलेल्या हेमलताबाईंनी ऐकलं होतं. 'चांगलं झालंय' हे वस्ताद कधी म्हणतील, याची चर्चा त्या दीड वर्ष रोज जेवताना ऐकत आल्या होत्या. ते शब्द आले, खोलीत फिरले आणि गेलेसुद्धा. आणि ज्यांच्यासाठी आले ते गृहस्थ दिवा धरून ठिपका दाखवत होते. बाईंना राग आला आणि हसूही आलं. हसू जरा जास्त आलं.

"अहो, ते चांगलं म्हणाले," त्या म्हणाल्या.

"हो, हो. पण हा कण, हेमा..."

सरांचं ठरलं होतं. डावं दार पुन्हा घासायचं. एक दार घासलं की दुसऱ्याशी रंग जुळणार नाही, म्हणून दोन्ही घासायची, आणि मग बाकीचं तरी कशाला ठेवायचं. त्यांनी दिवा मागे स्टुलावर ठेवला, बाही वर केली आणि कागद बादलीत बुडवला. बाहेर घड्याळात साडेतीन वाजले. बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी एकदा घड्याळाकडे बघितलं, एकदा बॅगेकडे.

"वहिनी," वस्ताद म्हणाले, "आत या की. कपाट तुमचं, आणि तुम्हीच अजून बघितलं न्हाई."

त्रेचाळीस दिवस बाईंना त्या खोलीत पाय टाकायची परवानगी नव्हती. त्यांनी सरांकडे बघितलं. सर कागद पिळत होते. बाई साड्यांचा भारा घेऊन आत आल्या आणि कपाटासमोर उभ्या राहिल्या.

...

समोर मोरपंखी पाण्यात उतरावं तशा त्या स्वतःच उभ्या होत्या. डोक्यापासून पायापर्यंत, एका नजरेत. त्या घरात एवढा मोठा आरसा कधीच नव्हता. बेसिनवरच्या वीतभर आरशात त्यांचा नुसता चेहरा मावायचा, आणि लग्नातल्या कपाटाला आरसा नाही म्हणून त्या पहिलं वर्षभर मनात कुढल्याही होत्या. ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. सरांनाही नाही.

त्यांनी भाऱ्यातली वरची इरकल ओढली. बाकीच्या साड्या खाली जमिनीवर ठेवल्या. इरकल खांद्यावर टाकली, पदर सोडला, मान जरा वाकडी करून बघितलं. मग दुसऱ्या बाजूनं बघितलं. त्यांना मनापासून बरं वाटलं, आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर आलं.

सर ओला कागद घेऊन वाकले. इकडून शोधलं, तिकडून शोधलं.

"हेमा, जरा बाजूला हो. दिव्याच्या आड येतेयस. कण दिसत नाहीये मला."

हेमलताबाई हलल्या नाहीत. त्या निऱ्या बघत होत्या.

वस्ताद केव्हाच बाहेर जाऊन चपला घालत होते. ते तिथूनच म्हणाले,

"दिसत न्हाई ना, मास्तर? ...मग झालं की काम."