दाढ काढणारी ठकूआई

घाटातून गाडीरस्ता झाला त्याच्या फार आधीची ही हकीकत. तेव्हा धोंडेगावात दगडाच्या खाणी होत्या आणि त्या खाणींवर शेदोनशे घरांची चूल पेटत होती. खाणीतली माणसं चिरे काढत आणि गावातले लोहार त्यांच्या छिन्न्यांना धार लावून देत. त्या लोहारांत सुभाना म्हणून एक होता. त्याच्या बायकोचं नाव ठकू. ती भाता ओढायची, तो घण घालायचा.

एका माघात सुभानाची दाढ ठणकायला लागली. लवंग धरून झाली, शेक देऊन झाला. गाल सुजून डोळा बुजला, तोंड उघडेना. ठकूनं त्याच्या गालाला फडकं बांधलं आणि सहा कोस चालवत त्याला कसब्याला नेलं. तिथे धुंडिराज वैद्य होते. दाढ काढणारा हात त्या मुलखात तेवढा एकच. एका दाढेला मणभर जोंधळे, आणि ते आधी ओट्यावर ओतायचे, मग वैद्य चिमटा हातात घेत. ठकूच्या पदरात पायलीभर होते.

वैद्यांनी ओट्यावरूनच पाहिलं. म्हणाले, "सुगी होऊ दे. मग आण त्याला."

दोघं माघारी आली. सूज गळ्यात उतरली आणि सातव्या दिवशी सुभाना गेला. दाढेपायी माणसं तेव्हा बरीच जात, पण लोक म्हणत, ताप भरला, बाहेरचं झालं. दाढेचं नाव कुणी घेत नसे.

ठकू किती रडली ते कुणी सांगत नाही. सांगतात ते एवढंच, की दिवसपाणी उरकल्यावर तिनं भट्टी दिराच्या, गेनबाच्या, हवाली केली आणि कसब्याला जाऊन त्याच वैद्यांच्या घरी झाडलोटीला राहिली. दोन वर्षं तिनं त्यांचं अंगण सारवलं, रक्ताची फडकी धुतली आणि उंबऱ्याबाहेरून पाहिलं. अक्कलकाऱ्याची मुळी हिरडीवर चोळली की जागा बधिर होते, ते पाहिलं. दाढ आधी हलवायची, मग फिरवायची, ओढायची सगळ्यात शेवटी, ते पाहिलं. रक्ताला तुरटी, नंतर मिठाचं कोमट पाणी. वैद्यांनी दोन वर्षांत तिच्याकडे एकदाही मान वर करून बघितलं नाही. त्यामुळे तिला सगळं दिसलं.

परत आल्यावर तिनं गेनबाकडून चिमटा घडवून घेतला. पहिली दाढ गेनबाचीच काढली, आणि ती अर्ध्यात मोडली. तीन दिवस लागले मूळ निघायला. गेनबा तेव्हा काय काय बोलला ते पोराबाळांपुढे सांगत नाहीत. पण दुसरी दाढ अख्खी निघाली, आणि तिसऱ्या वेळी माणसाला कळलंच नाही की दाढ निघाली, असं म्हणतात.

मग ठकू मंगळवारच्या बाजारात चिंचेखाली बसू लागली. खाणीवरची माणसं आली, मोळीविक्या आल्या, बोहारणी आल्या. काय द्यायचं म्हणून विचारलं तर ती म्हणायची, "द्यायचं काय न्हाई. तुझी दाढ निघाली, आता पुढच्याचं डोकं धर." हीच तिची रीत. ज्याची दाढ निघाली त्यानं रक्त थुंकायचं, चूळ भरायची, आणि पुढच्या माणसाच्या मागं उभं राहून त्याचं डोकं दोन्ही हातांनी घट्ट धरायचं. जात विचारायची नाही, गाव विचारायचं नाही. आत्ताच त्याच दुखण्यातून सुटलेला हात डोक्यावर असला की माणूस हलत नाही, हे तिच्या ध्यानात आलं होतं.

हळूहळू तिचं नाव घाटाखाली गेलं, घाटावर गेलं. लोक ठकूआई म्हणू लागले. तिनं गालाला हात लावला की ठणका तिच्या हातात उतरायचा, आणि दिवस मावळताना ती ओढ्यात हात धुवायची तेव्हा पाणी आधण आल्यासारखं उसळायचं, असं म्हणतात. ओढ्याच्या त्या जागेला अजून ठणकडोह हे नाव आहे.

अशी बारा-तेरा वर्षं गेली. एका मंगळवारी बाजाराच्या कडेला घोडं थांबलं आणि गालाला रेशमी उपरणं बांधलेला एक म्हातारा उतरला. ठकूआईनं मान वर केली आणि ओळखलं. धुंडिराज वैद्य. मुलखातल्या कितीकांच्या दाढा त्यांनी काढल्या, पण स्वतःची कशी काढणार?

ते सरळ पुढे येऊ लागले. ठकूआई म्हणाली, "बुवा, रांग हाये."

वैद्य रांगेत उभे राहिले. पुढे अकरा माणसं होती. चिंचेची सावली सरकली तसे तेही सरकले. त्यांचा नंबर आला तेव्हा डोकं धरायला मागं खाणीवरचा एक गडी होता, हात दगडाच्या भुकटीनं पांढरे झालेले. वैद्यांनी त्या हातांत डोकं दिलं. ठकूआईनं मुळी चोळली, चिमटा उचलला, आणि तिचा हात तिथंच थांबला. बाजारातला गलबला थांबला, बैलांनी रवंथ थांबवलं, असं म्हणतात. खरं काय ते ठकूआईलाच ठाऊक. तिला त्या तोंडात सुभानाचं तोंड दिसलं असेल, नाहीतर नुसती एक सडलेली दाढ दिसली असेल.

तिनं दाढ हलवली, फिरवली, ओढली.

वैद्यांनी चूळ भरली. मग म्हणाले, "हा हात माझा आहे. कुठं शिकलीस?"

"तुमच्या उंबऱ्याभाईर."

"माझ्याकडे होतीस? कधी?"

"नवरा गेल्यावर. त्याआदी त्याला घिऊन आलेवते तुमच्याकडं. तुम्ही सुगीनंतर बोलावलंत."

वैद्यांना आठवेना. तसे किती आले, किती परतले. त्यांनी विचारलं, "नाव काय होतं त्याचं?"

त्या काळी बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. ठकूआईनंही कधी घेतलं नव्हतं, तो गेल्यावरही नाही. त्या दिवशी भर बाजारात ती म्हणाली, "सुभाना."

वैद्य हात जोडून म्हणाले, "बाई, माफी असावी."

"त्ये माझ्याच्यानं व्हनार न्हाई," ठकूआई म्हणाली. "दाढेचा काय दोष न्हवता म्हून काढली. आता उठा. पुढच्याचं डोकं धरा."

पुढं एक मोळीविकी बसली होती. जन्मात ज्यांनी असल्या माणसाला ओट्यावर चढू दिलं नव्हतं, त्या धुंडिराज वैद्यांनी तिचं डोकं दोन्ही हातांनी धरलं. तिची दाढ निघाली, ती उठली, पण वैद्य जागचे हलले नाहीत. दिवस मावळेपर्यंत ते डोकी धरत राहिले. पुढच्या मंगळवारी ते पुन्हा आले, येताना आपली हत्यारांची पेटी घेऊन आले, आणि मरेपर्यंत दर मंगळवारी चिंचेखाली ठकूआईच्या शेजारी बसले. दोघं कामापुरतंच बोलत. तिनं त्यांना माफ केलं का, याबद्दल गावात आजही दोन मतं आहेत.

ठकूआई खूप जगली. गेली तेव्हा तिच्या तोंडात एकही दात नव्हता. कुणी म्हणतात, वय झालं होतं. कुणी म्हणतात, फार अवघड दाढ असली की दुखणं ती आपल्या अंगावर घ्यायची आणि त्या माणसाबरोबर तिचाही एक दात पडायचा.

आता खाणी बंद आहेत, चिंचही नाही. पण चैत्रातल्या पहिल्या मंगळवारी शहरातून दातांचे डॉक्टर येतात, शाळेच्या पटांगणात खुर्च्या मांडतात आणि फुकट दात बघतात. लांबलांबून माणसं येतात. गालाला फडकं बांधलेला माणूस एस.टी.त चढला की त्या वाटेवर त्याला कुणी उभं राहू देत नाही. ठकूआईचा पाहुणा म्हणतात आणि जागा देतात.

पहिल्या वर्षी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी पाहिलं, की ज्याची दाढ निघाली तो घरी न जाता खुर्चीमागं उभा राहतो आणि पुढच्याचं डोकं धरतो. त्या म्हणाल्या, "अहो, खुर्चीला उशी आहे. इंजेक्शनही दिलंय. धरायची गरज नाही."

तेव्हा खुर्चीत बसलेली म्हातारी आ मिटवून म्हणाली, "तुमास्नी नसंल, बाई. मला हाये."