लोखंडी जावई

डोंगराच्या अलीकडे आणि इंजिनिअरिंग कॉलेजच्या पलीकडे एक गाव होतं. त्या गावात एक भोळा गडी राहायचा. गेनबा त्याचं नाव. भागी त्याची बायको, आणि तालेवार मल्हारीतात्या त्याचा सासरा. गेनबा अंगानं धट्टाकट्टा, मनानं गंगाजळ. पण त्याला जे सांगावं ते तो तसंच्या तसं करायचा. त्यामुळे कुठल्याच कामावर तो टिकत नव्हता.

शेवटी कॉलेजातल्या नाफडेबाईंनी त्याला प्रयोगशाळेत शिपाई म्हणून ठेवला. तात्यांनी त्याच दिवशी दारात उभं राहून बजावलं, "जावईबापू, ही नोकरी गेली की टेम्पो आणतो आणि माझी लेक घेऊन जातो."

भागीला माहेरी जायचं नव्हतं. नवरा खुळा होता खरा, पण खोटं बोलणं त्याला जमतच नव्हतं, आणि तिला तो आवडायचा.

आता नाफडेबाई काय करायच्या, तर माणसाचं बघून बघून शिकणारं यंत्र बनवायच्या. समोरचा हात हलवील तसा त्यानं हात हलवायचा, मान हलवील तशी मान. पोरं त्याला रोबो म्हणायची.

पहिल्या दिवशी बाई म्हणाल्या, "गेनबा, जमिनीवर पडलेलं दिसेल तो कचरा. झाडून उकिरड्यावर टाकायचा."

गेनबानं मान डोलावली. गोष्ट डोक्यात पक्की बसली.

दुपारी टेबलावरून यंत्राचा एक सुटा हात घरंगळून खाली पडला. गेनबानं तो झाडला आणि उकिरड्यावर टाकला. बाई आल्या तेव्हा एक गाढव त्या हाताचा वास घेत होतं.

बाईंनी कपाळाला हात लावला. "अरे देवा! पडलेलं असं टाकतात होय? अलगद उचलायचं, ओल्या फडक्यानं पुसायचं, टेबलावर ठेवायचं आणि चार्जिंगची पिन लावायची!"

"असं होय! आधी सांगायचं न्हाई का?" गेनबा म्हणाला, आणि त्यानं मान डोलावली. गोष्ट डोक्यात पक्की बसली.

कॉलेजच्या प्रिन्सिपॉलसाहेबांना पाठीचं दुखणं होतं. दुसऱ्या दिवशी ते प्रयोगशाळेच्या गार फरशीवर जरा आडवे झाले आणि त्यांचा डोळा लागला. गेनबानं पाहिलं. पडलंय! त्यानं साहेबांना अलगद उचललं. ओल्या फडक्यानं तोंड पुसलं, टक्कल पुसलं, चकचकीत केलं. टेबलावर ठेवलं. मग वायर घेऊन त्यांच्याभोवती फिरू लागला.

साहेब दचकून जागे झाले. "काय करतोयस रे?"

"साहेब, पिन कुठं लावू?"

साहेब असे ओरडले की खिडकीतली कबुतरं उडाली. बाईंनी पदर पसरून माफी मागितली तेव्हा कुठं नोकरी वाचली.

"गेनबा, माणसाला उचलायचं नसतं रे! माणूस आला की नमस्कार करायचा, खुर्चीत बसवायचं, प्यायला पाणी द्यायचं. तोंड, हात, डोळे दिसले की समजायचं, माणूस आहे."

गेनबानं मान डोलावली. गोष्ट डोक्यात पक्की बसली.

तिसऱ्या दिवशी खोक्यातून नवं यंत्र आलं. त्याला डोकं, दोन हात, दोन पाय, काचेचे डोळे आणि तोंडाच्या जागी फट. पोरं त्याला उभं करून चहाला गेली. गेनबानं हात जोडले. "राम राम पाव्हणं. लांबून आलात?" पाहुणा गप्प. प्रवासानं दमला असेल. गेनबानं त्याला खुर्चीत बसवलं आणि तोंडाच्या फटीत अख्खा तांब्या ओतला. पाहुण्याला उचकी लागली. मग नाकातून ठिणग्या. मग कानातून धूर.

बाई धावत आल्या. "गेनबा, बघत काय बसलास! धूर दिसला की विचार करायचा नाही, वाळूची बादली उचलून ओतायची!"

गेनबानं मान डोलावली. गोष्ट डोक्यात पक्की बसली.

संध्याकाळी घरी आल्यावर भागीनं विचारलं, "अवं, आज काय झालं?"

"पाव्हण्याला पाणी पाजलं."

"मग चांगलंच केलं की!" बिचारी भागी म्हणाली.

बाईंनी खपून यंत्र दुरुस्त केलं. नवं यंत्र म्हटल्यावर पूजा व्हायला हवीच. भटजी आले. यंत्राच्या कपाळी कुंकू लावलं, गळ्यात झेंडूची माळ घातली, पुढ्यात शिऱ्याचा प्रसाद ठेवला आणि धूप पेटवला. धूर निघाला मात्र, गेनबानं विचार केला नाही. बादली ओतली. शिरा वाळूत, धूप वाळूत, आणि भटजी शेंडीपासून सोवळ्यापर्यंत वाळूत.

"मेल्या, मी काय चूल आहे का?" भटजी ओरडले.

"धूर तुमच्याकडूनच येत हुता न्हवं का?"

आता बाईंना रडूच फुटलं. दुसऱ्याच दिवशी दिल्लीहून मोठे पाहुणे यंत्र बघायला यायचे होते. त्यांना पसंत पडलं तर बाईंचं काम पुढं चालणार, नाहीतर प्रयोगशाळेला कुलूप. कुलूप लागलं की गेनबा घरी, आणि भागी माहेरी.

बाई म्हणाल्या, "गेनबा, हात जोडते. तू आता स्वतःचं डोकं चालवूच नकोस. शेजारी जो उभा असेल तो जे करील, ते तू कर. तेवढंच कर."

गेनबानं मान डोलावली. गोष्ट डोक्यात पक्की बसली.

पाहुणे आले, कोट घालून रांगेत बसले. गेनबाच्या शेजारी उभं राहायला कोणी धजेना. तेव्हा तो जाऊन उभा राहिला तो यंत्राच्या शेजारी.

बाईंनी यंत्र सुरू केलं. त्यानं काचेचे डोळे फिरवले आणि ते गेनबावर ठेवले. गेनबानंही डोळे फिरवले आणि यंत्रावर ठेवले. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. यंत्र वाट बघतंय माणसाची, माणूस वाट बघतोय यंत्राची.

इतक्यात गेनबाला शिंक आली. मान खाली गेली. यंत्राचीही मान खाली गेली. शेजाऱ्यानं मान खाली घातली म्हटल्यावर गेनबानं परत घातली. मग यंत्रानं. मग गेनबानं. मान हलवता हलवता गेनबाचा तोल गेला, एक पाय पुढे पडला. यंत्राचाही पडला. मग काय विचारता! दोघांनी एकमेकांचे हात धरले आणि अशी फुगडी जुंपली की झेंडूची फुलं पाहुण्यांच्या टकलावर उडाली.

भटजींवर वाळू ओतल्याचं ऐकून, नोकरी गेलीच असं धरून मल्हारीतात्या त्याच वेळी दारात आले. बाहेर टेम्पो उभा, मागे ट्रंक घेतलेली भागी, डोळे पुसत. सासरा दिसल्यावर गेनबा सवयीनं पुढे धावला आणि पाया पडला. यंत्रही धावलं आणि पाया पडलं.

वाकलेल्याला आशीर्वाद न देता सोडायचा नाही, ही तात्यांच्या घराण्याची रीत. तोंडातून आपोआप निघून गेलं, "सुखानं नांदा!"

यंत्र पाया पडलं म्हणून गेनबा परत पडला. "सुखानं नांदा!" गेनबा पडला म्हणून यंत्र पडलं. "सुखानं नांदा!" तात्यांच्या घशाला कोरड पडली, पण पायांवरचे हात काही थांबेनात.

शेवटी बाईंनी यंत्राच्या पाठीतली वायर उपटली. यंत्र वाकलेलं थांबलं. गेनबाही वाकलेला थांबला. भागीनं पुढे होऊन आधी यंत्राला सरळ केलं, तेव्हा नवरा आपला आपण सरळ झाला.

मग ती बापाकडे वळली. "तात्या, इतक्या वेळा सुखानं नांदा म्हणालात. आता कुठल्या तोंडानं मला टेम्पोत बसवता?"

तात्यांनी टेम्पोवाल्याला परत पाठवलं.

मोठे पाहुणे हसून हसून खुर्चीवरून घसरले होते. डोळे पुसत त्यांतले एकजण म्हणाले, "बाई, यंत्राला शिकवणारा माणूस मधेच आपली अक्कल घालतो आणि यंत्र गोंधळतं. हा गडी अक्कल घालतच नाही! तुमचं काम चालू ठेवा, आणि ह्याला सोडू नका."

गेनबाची नोकरी कायम झाली. कॉलेजच्या आवारात दोन खोल्या मिळाल्या, दारात नळ आला. भागी तर हरखूनच गेली.

पुढे धोंड्याचा महिना आला. जावयाला अनारसे घालायचा महिना. आपल्या पाया पडला तोही जावईच, म्हणून तात्यांनी थाटात दोन पाट मांडले. एकावर गेनबा, दुसऱ्यावर यंत्र. दोघांना फेटे बांधले, ताटं वाढली.

"घ्या जावईबापू, सुरुवात करा!"

गेनबानं यंत्राकडे पाहिलं. यंत्रानं गेनबाकडे पाहिलं. शेजाऱ्याचं बघून करायचं, हा हुकूम बाईंनी काही मागे घेतला नव्हता. तूप थिजलं, कुरडया मऊ पडल्या, तात्या आग्रह करून करून दमले, तरी दोघं आपले एकमेकांकडे बघतच बसलेले.

मग भागीनं पदर खोचला, दोघांच्या मध्ये बसकण मारली, आणि दोन्ही ताटांतले सगळे अनारसे एकटीनं फस्त केले.