बावटा उतरवायचा हुकूम

टेकडीवर ती उंच काठी दिसते ना, ती देवाची काठी नव्हे हो. तिच्यापुढे नारळ फोडायला जाल तर वाडीतली पोरंसुद्धा हसतील. ती बावट्याची काठी. वादळाची खबर आली की तिच्यावर तांबडा बावटा चढतो आणि खाडीत एक होडी उतरत नाही. चढवायला कुणीही चालतं. उतरवायची मात्र आमच्याकडे निराळीच रीत आहे, आणि ती का, ते ऐकल्याशिवाय मी काही तुम्हाला खाली जाऊ देत नाही. बसा.

गोऱ्या साहेबाचं राज्य होतं तेव्हाची ही गोष्ट, असे सांगतात. बंदरकचेरी पलीकडच्या तीरावर. इकडे वाडीच्या मागे उभा कडा, पुढे खाडी. बावट्याची राखण होती झिलू नावाच्या माणसाकडे. शब्दाचा पक्का, हट्टी म्हटलंत तरी चालेल. आदल्या एका वादळात वारा मध्येच पडला, समुद्र तव्यासारखा सपाट झाला, आणि तेव्हाच्या राखणदाराने आपल्या मनाने बावटा उतरवला. होड्या बाहेर पडल्या नि वारा उलटा फिरला. त्या होड्यांत झिलूचा थोरला भाऊ होता.

तेव्हापासून सरकारने नियम घातला. कचेरीचा शिपाई हुकूम घेऊन आल्याशिवाय बावटा उतरवायचा नाही, आणि बावटा असताना जो होडी घालील त्याची होडी जप्त. नियम वाईट नव्हता, उगाच सरकारला नावं ठेवू नका. झिलूने तर देवळात जाऊन शपथ घेतली, की हुकमाशिवाय दोरीला हात लावणार नाही.

मग ते मोठं वादळ आलं. माडांची डोकी उडाली, घरांची कौलं उडाली, पण बावटा वेळेवर चढला म्हणून वाडीतलं एकही माणूस बुडालं नाही. लोकांनी झिलूला तोंडभर दुवा दिला. वारा पडला, लख्ख ऊन आलं, आणि झिलू काठीखाली बसून शिपायाची वाट बघू लागला. शिपाई काही येईना.

येणार कसा? होडीतूनच ना? आणि बावटा वर असताना होडी घालायची कुणी? पलीकडे कचेरीतला कारकून म्हणे दुर्बीण लावून बघायचा आणि मान हलवायचा: तिकडे अजून बावटा आहे, माणूस पाठवता येत नाही. इकडे झिलूचं म्हणणं, माणूस येत नाही, बावटा उतरवता येत नाही. घ्या! हसा तुम्ही. वाडीत तेव्हा कुणाला हसू सुचत नव्हतं.

कारण झिलूची बायको, द्वारकी, बाळंतपणाच्या कळांनी तळमळत होती. वाडीची सुईण वादळाआधी पलीकडे लेकीकडे गेली ती तिकडेच अडकलेली. कड्यावरची वाट दरडीने बुजलेली. मूल आडवं आलंय, एवढं म्हाताऱ्या बायकांना कळत होतं; पुढे हात घालायला कुणी धजेना. शेवटी होडीवाला भागोजी वल्हं खांद्यावर टाकून टेकडी चढून आला.

"झिलू, बावटो काढ. मी सुईणीक घेवन येतंय."

"आणि वारो परत फिरलो तर तुझ्या पोरांक मी काय सांगू?"

भागोजीने वल्हं खाली ठेवलं. होडी गेली तर घरात खायला नाही, म्हणून बावटा असताना पाण्यात उतरायची त्याचीही छाती होईना. तो तिथेच बसून राहिला. झिलू पाण्याकडे बघत होता. खाडीवर एक लाट नव्हती. पण भावानेही असंच निवळलेलं पाणी बघितलं होतं ना! त्याने दोरी धरली, सोडली, पुन्हा धरली. इकडे आड, तिकडे विहीर. खालून द्वारकीचं ओरडणं येई तेव्हा तो कानांवर हात ठेवी, आणि ते थांबलं की त्याला जास्तच भीती वाटे.

दुपारी शेजारीण धापा टाकत वर आली. "द्वारकी म्हणता, सरकारचो हुकूम येवचो नाय, माझो घे."

तरी तो उठला नाही. उन्हं कलली, खालचा आवाज बारीक होत गेला, आणि मग मात्र त्याने रडत रडत दोरी ओढली.

बावटा खाली आला तसा भागोजी सुटला. सुईण आली. आणि तिच्या शेजारी बसून, त्याच होडीतून, हुकूम घेतलेला शिपाईही आला! पोर वाचली. द्वारकी नाही वाचली.

पुढे साहेब चौकशीला आला. हुकूम पोचण्याआधी बावटा कुणाच्या हुकमाने उतरवलास, असं त्याने दरडावून विचारलं. घरात धड फडकं नव्हतं, म्हणून झिलूने पोरीला त्या तांबड्या बावट्यातच गुंडाळलं होतं. ते गाठोडं त्याने साहेबापुढे धरलं.

"हिचो," तो म्हणाला. "हिच्या आवशीचो, द्वारकीचो, मी ऐकूक नाय."

साहेब आल्या पावली परत गेला, असे सांगतात. नियम मात्र तसाच राहिला. सरकारचा नियम तो.

आजही वादळ सरलं की आमचे जुने तांडेल, म्हणजे होड्यांचे म्होरके, आधी वारा नीट बघून घेतात. कचेरीचा निरोप आता फोनवर येतो, टॉवर पडला तर तोही येत नाही. आम्ही त्याच्यासाठी अडून बसत नाही. वाडीतलं सगळ्यात तान्हं मूल आईच्या कडेवरून टेकडीवर आणतात आणि त्याच्या तळहातावर दोरी ठेवतात. तान्ह्याची मूठ आपोआप मिटते. तेवढा हुकूम आम्हाला पुरतो.