भिवरा सुईणीची पेज

फार फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते मला सांगता यायचं नाही, पण तेव्हा डोंगरापलीकडे जायला बैलगाडीलाही वाट नव्हती, आणि राजा बदलला हे गावाला दवंडी आली तरच कळायचं. त्या डोंगराच्या पायथ्याशी एका गावात एक कुंभार राहायचा. घरात तो, त्याची बायको आणि नऊ वर्षांची लेक, शेवंता.

या घराची एक रीत होती. दर सोमवारी चाक बंद. त्या दिवशी तिघंही गावात फिरायची. जिथं हात कमी पडत असतील तिथं हात लावायचा, जिथं चूल थंड असेल तिथं काही पोचवायचं. कुंभारीण म्हणायची, लेकराला आपण चालायला शिकवतो, बोलायला शिकवतो, तसं दुसऱ्याच्या दारात कसं जावं हेही शिकवायला हवं. शेवंताच्या डोक्यावर तिच्यापुरती छोटी टोपली असायची, आणि त्या टोपलीचा तिला भारी अभिमान होता.

पण खरं सांगायचं, तर बिचारीचा फार गोंधळ उडायचा.

पाय मोडलेल्या एका शेतकऱ्याचं कुंपण बापानं दिवसभर राबून बांधलं. निघताना त्याच्याच परसातला एक भोपळा मागून घेतला. वाटेत शेवंतानं विचारलं, "बा, आपण द्यायला गेलो होतो ना? मग मागितलंस कसं?"

"भोपळा चांगला होता," बाप म्हणाला आणि चालू लागला.

नवरा गेलेल्या एका बाईच्या घरी आईनं ज्वारीचं गाठोडं मागच्या दाराशी ठेवलं आणि हाक न मारता निघून आली. आणि पुढच्याच सोमवारी, एकाचं घर जळालं तेव्हा, हीच आई गल्लीत उभी राहून मोठमोठ्यानं हाका मारत होती, कोण काय देणार ते एकेकीकडून वदवून घेत होती. एका घरी चोरपावलानं जायचं आणि दुसऱ्या घरी गलका करायचा, हे कसलं देणं?

"आई, मला एकदाच काय तो नियम सांग," शेवंता म्हणाली. "मी पाठ करून टाकते."

"समोरचं माणूस बघायचं."

"बघायचं म्हणजे काय करायचं?"

"बघायचं," आई म्हणाली आणि पीठ मळत राहिली.

आता सांगा, नऊ वर्षांच्या मुलीनं यातून काय समजायचं?

सगळ्यात मोठा घोळ व्हायचा तो भिवरा सुईणीच्या घरी. भिवराआजी आता सत्तरी ओलांडून गेली होती. अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलेलं. शेवंताही तिच्याच हातावर या जगात आली होती. पण आता म्हातारीचे हात थरथरायचे. बाळंतपणं घरच्या बायकाच उरकायच्या, तिला कुणी बोलावत नव्हतं, आणि मागेपुढे बघणारं घरात कुणी नव्हतं. तिच्याकडे सोमवारची वाट न बघता आई रोज दुपारी जायची. आमटीचं मडकं आणि दोन भाकरी घेऊन जायची आणि उंबऱ्यात बसून म्हणायची, "आत्या, जरा चाखून बघा हो. मला मिठाचा अंदाजच येत नाही. तुमच्यासारखी जीभ गावात कुणाची नाही."

भिवराआजी भाकरी मोडून खायची, वाडगाभर आमटी प्यायची आणि मग निकाल द्यायची. "आज तिखट पुढं गेलंय." दुसऱ्या दिवशी, "चिंच फार झाली." तिसऱ्या दिवशी, "डाळ घोटली नाहीस नीट." आई मान डोलवायची, "बरं झालं सांगितलंत."

शेवंताला हे अजिबात कळायचं नाही. आईची आमटी झकास व्हायची, हे तिला ठाऊक होतं. मग आई खोटं का बोलते? खोटं बोललं की मला रागावणारी ही, स्वतः रोज दुपारी एकच खोटं बोलते. आणि ही म्हातारी, फुकटचं खाऊन वर नावं ठेवते.

एका दुपारी आजी म्हणाली, "आज फोडणी करपली गं." फोडणी शेवंतानं घातली होती. पहिल्यांदाच घातली होती. तिच्या तोंडून निघून गेलं, "काही करपली नाहीये. आमटी रोज चांगलीच असते. तुमच्याकडे चूल पेटत नाही, म्हणून आई आणते."

भिवराआजीनं हातातला वाडगा खाली ठेवला. आईकडे बघितलं. आईनं मान खाली घातली.

"उद्यापासून येऊ नकोस," आजी आईला म्हणाली. आवाज चढवला नाही. मग ती उठली आणि तिनं दार लावून घेतलं.

घरी येईपर्यंत शेवंता मार खायची वाट बघत होती. पण आईनं मारलं नाही, रागावलीसुद्धा नाही. त्यानं तर शेवंता आणखीच गडबडली. संध्याकाळी बापाजवळ जाऊन ती म्हणाली, "बा, मी खरंच बोलले ना?"

"खरंच बोललीस," चिखल तुडवत बाप म्हणाला. "पण ते खरं कुणाच्या उपयोगी पडलं?"

शेवंता चिखलातले खडे वेचायला बसली.

दुसऱ्या दिवशी आईनं मडकं उंबऱ्यावर ठेवलं. ते तिथंच राहिलं, भाकरी कावळ्यांनी नेली. तिसऱ्या दिवशीही तसंच. चौथ्या दिवशी पाणवठ्यावर बायका बोलत होत्या, की भिवरा ओढ्याकाठी भाजी खुडताना चक्कर येऊन पडली, दोघींनी धरून घरी नेली, पण कुणी दिलेलं पाण्याखेरीज काही घेत नाही. शेवंताच्या मनात आलं, माझ्या एका बोलण्यानं हे माणूस उपाशी मरतंय की काय?

पाचव्या दिवशी सकाळी ती कुणाला न सांगता निघाली. काही खाल्लंही नव्हतं. जाताना तिनं आपली सगळ्यात लाडकी वस्तू घेतली, मामानं दिलेली पितळी घुंगरांची माळ. दाराशी जाऊन म्हणाली, "आजी, ही तुम्हाला."

"मला काय करायचीय? घेऊन जा," आतून आवाज आला. आवाज फार बारीक होता.

शेवंतानं थोडा विचार केला. मग म्हणाली, "आजी, त्या दिवशी फोडणी खरंच करपली होती. आमची आमटी वाईटच असते."

"आता खोटं बोलतेस होय?"

झालं. खरं बोलावं तर दार बंद, खोटं बोलावं तरी दार बंद. लाडकी वस्तू दिली, तीही नको. शेवंताला आता पुढचं काही सुचेना. ती पायरीवर बसली आणि रडायला लागली.

"मला कळतच नाही," ती हुंदके देत म्हणाली. "बा म्हणतो भोपळा चांगला होता. आई म्हणते बघायचं. काय बघायचं ते कुणी सांगत नाही. आणि मला भूक लागलीय."

 आतून कडी निघाली. भिवराआजी दाराला धरून उभी होती. चार दिवसांत ती अर्धी झाली होती.

"कळत तर मलाही नाही, पोरी," ती म्हणाली. "साठ वर्षं मी लोकांच्या घरी जात आले. माझ्या घरी कुणी काही घेऊन आलं, तर कसं घ्यायचं, ते मला कुणी शिकवलंच नाही. आत ये. सकाळपासून उपाशी आहेस?"

आजीनं फडताळातून डबा काढला. डबा जवळजवळ रिकामाच होता. तळाशी असेल नसेल तेवढं मूठभर नाचणीचं पीठ. ते तिनं खरवडून काढलं, चार काटक्या पेटवल्या आणि पेज ढवळायला बसली. हात थरथरत होते, पण पळी सुटली नाही.

शेवंता बघत होती. ज्याच्या घरी कमी असेल, तिथं काही खायचं नाही, असं आईनं तिला बजावलेलं होतं. हे तर डब्यातलं शेवटचं पीठ होतं. नको म्हणावं, उठून पळून जावं, असं तिच्या मनात आलं. तेवढ्यात तिनं आजीच्या तोंडाकडे पाहिलं. म्हातारी चुलीवर वाकली होती आणि मघापर्यंत मेल्यासारखा दिसणारा तो चेहरा आता लगबगीचा झाला होता. पेजेला उकळी फुटते की नाही, पोरीला मीठ किती लागेल, याच्यात तो गुंतला होता. असा चेहरा शेवंतानं या घरात कधी पाहिला नव्हता.

चूक की बरोबर, तिला काही कळेना. तिनं वाडगा हातात घेतला.

"सावकाश. तोंड भाजेल," आजी म्हणाली.

"तुम्ही पण घ्या."

"मला नको."

"मला एकटीला जेवायची सवय नाही," शेवंता म्हणाली. आणि हे अगदी खरं होतं.

आजीनं दुसरा वाडगा काढला. दोघींनी मूठभर पिठाची पेज अर्धी अर्धी प्यायली. चार दिवसांनी म्हातारीच्या पोटात अन्न गेलं.

घरी आल्यावर शेवंतानं भीतभीतच सगळं सांगितलं, शेवटचं पीठ खाल्ल्याचंही सांगितलं. आई ऐकत राहिली आणि मग पदरानं डोळे पुसू लागली. का, ते शेवंताला कळलं नाही. दुपारी शेवंता ताट घेऊन गेली आणि म्हणाली, "आजी, सकाळी तुमचं खाल्लं, आता आमचं खा." आजीनं ताट हातात घेतलं. या वेळी चाखायचं काही निमित्त नव्हतं.

पुढं महिनाभरात त्याच पाय मोडलेल्या शेतकऱ्याची सून अडली. भर दुपार, बाळ आडवं, गावात दुसरी सुईण नाही. शेवंता धावत गेली आणि भिवराआजीला हाताला धरून घेऊन आली. आजीचे हात चालत नव्हते, पण डोकं शाबूत होतं. ती उशाशी बसली आणि शेवंताच्या आईला एकेक गोष्ट सांगत गेली. आता इथं दाब, आता थांब, आता तिला कुशीवर वळव. हात कुंभारणीचे, शहाणपण म्हातारीचं. शेवंता बाहेर पाणी तापवत होती. ऊन कलायच्या आत बाळ रडलं.

त्या घरून दुसऱ्या दिवशी भिवराआजीकडे तांदूळ आले, गूळ आला. बारशाला नवं लुगडं आलं. तिनं ते दोन्ही हातांनी घेतलं आणि देणाऱ्याच्या डोळ्यांत बघून घेतलं. गावात अडलेली बाई असली, की आता पहिलं बोलावणं तिलाच जायचं. आणि दर सोमवारी कुंभाराच्या घरातून तीनऐवजी चार माणसं निघू लागली.

शेवंताचा गोंधळ पुरता मिटला, असं मी म्हणणार नाही. कुठल्या दारात हाक मारायची आणि कुठल्या दारात गुपचूप जायचं, हे ती मोठी झाल्यावरही कधीकधी चुकायची. पण नियम पाठ करायला मागणं तिनं सोडून दिलं. दार उघडलं, की ती आधी टोपली खाली ठेवायची आणि समोरच्या माणसाचा चेहरा बघायची.

म्हणून लहानांनो आणि थोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: ज्याला द्यायला जाल, त्याच्या हातचं घ्यायलाही शिका, म्हणजे तुमचं देणं त्याला जड होणार नाही.