दोन तांबे पाणी

फार फार वर्षांपूर्वी समुद्रकाठच्या एका राज्यात एका आईला झोप लागेनाशी झाली होती. राणीच्या लोणच्याच्या कोठीत शिकायला हिशेबाची परीक्षा घेऊन एकच मुलगी निवडणार होते, आणि शेजारणीची लेक हिच्या लेकीपेक्षा झरझर गणितं सोडवत होती.

आई चांगली शिकलेली. दुसऱ्याच्या लेकराचं कौतुक करावं, हे तिला पाठ होतं. तरी शेजारची पोर ओसरीवरून "आलं, आलं!" म्हणून ओरडली, की ही आपलं दार धाडकन लावून घ्यायची. 'समजावण्यात माझंच काही चुकतंय का?' असंही वाटायचं. पण त्यापेक्षा शेजारणीवर जळणं सोपं होतं.

परीक्षेच्या सकाळी शेजारीण विहिरीवर गेली. अंगणात तिनं परीक्षेला न्यायचं खारं पाणी करून ठेवलं होतं. सगळ्यांना सांगितलं होतं तसंच: मोठ्या मडक्यात आठ तांबे, शंभर भागांत वीस भाग मीठ. आईनं त्यात गुपचूप दोन तांबे साधं पाणी ओतलं.

जळफळाटात ती गावची रीत मात्र विसरली. कोणी लबाडी करू नये म्हणून परीक्षेत मुलींची मडकी बदलत. शेजारणीचं मडकं हिच्याच लेकीपुढं आलं.

कोठीवाली म्हणाली, "हे तुमचं शेकडा वीसचं, हे कोठीतलं शेकडा आठचं. लिंबांसाठी मला शेकडा बाराचं करून द्या."

"एक भाग हे, दोन भाग ते!" दोघी मुली म्हणाल्या, आणि त्यांनी तसंच मिसळलं.

कोठीवालीनं चाखलं. शेजारच्या पोरीचं जमलं होतं. हिच्या लेकीला ती म्हणाली, "अळणी लागतंय गं."

पोरीनं पुन्हा हिशेब केला. बरोबरच होता. तिचे डोळे भरून आले.

"रडू नको बाळा," शेजारीण कळवळली. "माझ्याच हातून मीठ कमी पडलं असेल."

आता मात्र आईला राहवेना. "नाही हो वहिनी. मीठ नीटच होतं. पाणी मी ओतलं."

लेकीनं नाक पुसलं. "किती?"

"दोन तांबे."

"मग ते शेकडा सोळाचं झालं. म्हणजे दोन्ही सारखंच घ्यायचं!"

या वेळी चव बरोबर आली. पण जागा एकच. ती पहिल्या खेपेला जमवणाऱ्या शेजारणीच्या लेकीला मिळाली.

तर बाळांनो, आणि बाळांच्या आयांनो, दुसऱ्याच्या लेकराचं कमी केल्यानं आपल्या लेकराचं वाढत नाही.

घरी जाताना आई म्हणाली, "माझ्यामुळे गेलं गं तुझं."

"हो, तुझ्यामुळेच गेलं," लेक म्हणाली. "पण गणित छान होतं. उद्या असलंच दुसरं घालशील? आपल्या मडक्यात."