गवंड्याने पसंत केलेलं शहर

फार वर्षांपूर्वी, शहरांना तट होते आणि तटाचे दरवाजे तिन्हीसांजेला बंद होत, तेव्हाची ही गोष्ट आहे. एका डोंगराळ गावात एक गवंडी राहत होता. भिंतीला चुन्याचा गिलावा करावा तर त्यानेच. त्याने हात फिरवलेल्या भिंतीत तोंड दिसतं, असं लोक सांगत. थोडं वाढवून सांगत असतील, पण फार नाही.

असा हात असलेल्या माणसाला कुठेही काम मिळतं. म्हणून त्याने ठरवलं की साऱ्या जगात जे शहर सगळ्यात जास्त आवडेल, तिथेच जाऊन राहायचं. घरात म्हातारा बाप तेवढा होता. बापाचा जन्म चुन्याच्या भट्टीवर गेला होता. धगीने त्याच्या भुवया जळाल्या होत्या, हात भेगाळले होते आणि चुना उडून एक डोळा पांढरा पडला होता. मुलाला चांगला चुना ओळखायला त्यानेच शिकवलं होतं. तो म्हणाला, "जा. शहर पसंत पडलं की निरोप धाड. एकदा येऊन बघून जाईन."

गवंडी निघाला. मुलगी बघायला जाणारे लोकसुद्धा ठेवणार नाहीत इतकी नावं त्याने शहरांना ठेवली. एक शहर समुद्राकाठी होतं आणि देखणं होतं, पण तिथल्या खाऱ्या हवेने गिलाव्याचे पोपडे निघत. दुसऱ्या शहरात पाणी गोड होतं, पण शेजारी रोज विचारत, आज काय शिजवलं म्हणून. तिसऱ्या शहरात नाव ठेवायला जागाच नव्हती, पण तिथे त्याला डास चावला.

चौथं शहर मात्र त्याच्या मनात भरलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडं होती, दगडी पन्हळांतून घरोघरी पाणी जात होतं, आणि बाजारात कोणी कोणावर ओरडत नव्हतं. गवंड्याने एका भिंतीवरून तळवा फिरवला आणि तिथल्या तिथे ठरवलं की आता मरेपर्यंत इथेच राहायचं.

त्या शहराची एक रीत होती. बाहेरून आलेला माणूस दरवाजाशी थांबून आपल्या ओळखीच्या रहिवाशाचं नाव सांगे. पहारेकरी त्या रहिवाशाला बोलावून आणत. त्याने आपल्या तांब्यातलं पाणी पाहुण्याला पाजलं आणि 'हा माझा' असं म्हटलं की पाहुण्याला आत सोडत. कोणीच पाणी पाजलं नाही, तर तो माणूस आल्या वाटेने परत जाई. गवंड्याचं तिथे कोणी नव्हतं. एका भल्या सुताराने कामाचा माणूस बघून त्याला पाणी पाजलं होतं.

वर्षभरात त्याचं नाव झालं. मोठमोठ्या लोकांत त्याची ऊठबस सुरू झाली. एकदा कोणीतरी सहज विचारलं की तुमचे वडील काय करतात. ते देवळं बांधतात, मोठे स्थपती आहेत, असं त्याच्या तोंडून निघून गेलं. एकदा सांगितलं म्हणजे ते सांभाळणं आलं. पुढे दर सणाला त्याचे वडील आणखी एक देऊळ बांधू लागले. घरी निरोप धाडायचा मात्र राहून गेला. आज धाडू, उद्या धाडू, असं तो स्वतःला सांगत राहिला.

नगरशेठची हवेली त्याने इतकी सुंदर केली की नगरशेठने त्याला शहरात कायमचं घर द्यायचं ठरवलं. ज्या सकाळी ते घर मिळायचं, त्याच सकाळी पहारेकरी सांगत आला की तुमचे वडील दरवाजाशी आले आहेत. नगरशेठला आनंद झाला. एवढ्या मोठ्या स्थपतींना भेटलंच पाहिजे, असं म्हणून तोही बरोबर निघाला. गवंड्याने तांब्या घेतला खरा, पण तो नगरशेठच्या मागेमागेच चालत राहिला.

दरवाजाबाहेर धुळीत म्हातारा बसला होता. एका गाडीवानाकडून मुलाचा पत्ता काढत तो पाच दिवस चालत आला होता. मांडीवर भाजलेल्या हरभऱ्यांची पुरचुंडी होती. मुलाला बघून त्याचा चेहरा उजळला.

"हे तुमचं नाव सांगताहेत," पहारेकरी म्हणाला. "तुमचेच का?"

गवंड्याने नगरशेठकडे पाहिलं. मग तो म्हणाला, "नाही. मी यांना कधी पाहिलेलं नाही."

म्हाताऱ्याने एकदा मुलाकडे पाहिलं, एकदा नगरशेठच्या रेशमी अंगरख्याकडे पाहिलं. त्याला सगळं कळलं. तो गुडघ्यावर हात टेकून उठला.

"माझीच चूक झाली, दादा," तो पहारेकऱ्याला म्हणाला. "एका डोळ्याने नीट दिसत नाही. माझा मुलगा यांच्याहून उंच आहे."

आणि तो आल्या वाटेने परत गेला. गवंड्याच्या तांब्यातलं पाणी तसंच राहिलं. दुपारी त्याला घर मिळालं.

त्यानंतर आठच दिवसांनी दरवाजाशी एक म्हातारा गुराखी आला. अंगावर फाटकं घोंगडं, पायाला शेण. त्याने नाव सांगितलं ते खुद्द नगरशेठचं. नगरशेठ भरल्या पानावरून उठून अनवाणी धावत आला, आपल्या हाताने त्याला पाणी पाजलं आणि सगळ्यांना सांगितलं, "हे माझे मामा. यांच्या म्हशींच्या दुधावर मी वाढलो." बाजारातल्या लोकांनी म्हाताऱ्याला नमस्कार केला. कोणी हसलं नाही, कोणी नाक मुरडलं नाही.

गवंडी त्या गर्दीत उभा होता. इतकी शहरं पारखणाऱ्या त्या माणसाला तेव्हा कुठे कळलं की या शहराने त्याच्या बापालाही असंच आत घेतलं असतं. शरमेने त्याच्या अंगाची आग झाली. कोणालाही न सांगता तो गावाकडे निघाला.

गावात शिरताच लोकांनी त्याला गराडा घातला. जो तो त्याची पाठ थोपटू लागला. म्हाताऱ्याने गावभर सांगितलं होतं की मुलगा तांब्या घेऊन धावत आला, चारचौघांत पाया पडला, आणि नगरशेठच्या पंगतीला घेऊन गेला. लेक असावा तर असा, असं लोक म्हणत होते. एकेक शब्द गवंड्याला चाबकासारखा लागत होता.

म्हातारा ओसरीवर पडून होता. दोन्ही पायांना तेलाच्या चिंध्या बांधल्या होत्या. गवंडी त्याच्यापुढे बसला, पण त्याला मान वर करवेना.

"आबा, मी तुम्हाला ओळखलं होतं."

"ठाऊक आहे," म्हातारा म्हणाला.

"मग गावाला असं का सांगितलंत?"

"तुला कधीतरी गावात यावं लागेल. लोकांसमोर तुझी मान खाली जायला नको."

गवंडी ढसाढसा रडला. मग त्याने हात जोडून विनवलं की आत्ता माझ्याबरोबर चला, साऱ्या शहरासमोर मी सांगतो की हे माझे वडील आहेत. म्हाताऱ्याने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

"एवढं चालायचं बळ एकदाच होतं, पोरा. ते संपलं."

त्या संध्याकाळी गवंड्याने गावाला बोलावून खरं काय घडलं ते स्वतःच्या तोंडाने सांगितलं. लोक एकेक करून उठून गेले. ज्या शहरासाठी तो अर्धं जग हिंडला होता, ते त्याच्या बापाने शेवटपर्यंत आतून पाहिलं नाही.

आवडीचं शहर खुशाल शोधावं, पण आपल्या माणसाला आपलं म्हणायची ज्याला लाज वाटते, तो कोणत्याच शहरात राहायच्या लायकीचा नसतो.